धस्साचा गूळ

मला संशय घेण्याचा पगार मिळतो. हुद्दा ‘सुरक्षा अधिकारी’ असा आहे, पण काम हेच. फळी दिसली की ती हलत असणार, दोर दिसला की तो आतून कुजला असणार आणि ‘मॅडम, सगळं ओके’ असं कुणी न विचारता सांगितलं की काहीतरी नक्की ओके नसणार, असं धरून चालायचं. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी मांडवाचे बांबू बघत होते, असं आई अजून सगळ्यांना सांगते. खोटं नाही ते. एक बांबू खरंच ढिला होता.

कराडच्या बाहेर ‘वज्रपाद’ कंपनीचा अठ्ठावीस मजली टॉवर उभा राहत होता, तिथं मी होते. गेटातून आत शिरलं की समोर मोठा फलक. त्यावर कंपनीची तीन उद्दिष्टं झळकायची: पर्यावरण, सुरक्षा, समाधान. प्रत्येकाखाली हिरवा आकडा. येणारे पाहुणे त्या फलकासमोर उभं राहून फोटो काढून घ्यायचे.

पर्यावरणाच्या आकड्यावर माझा विश्वास होता, कारण तो मी स्वतः उकरून बघितला होता. जुन्या इमारतींचा राडारोडा दळून नव्या काँक्रीटमध्ये जात होता, सिमेंट निम्म्यावर आलं होतं, पाणी गाळून पुन्हा वापरलं जात होतं. एकदा तर मी टँकरच्या मागं स्कूटर घातली, तो सांडपाणी नेमकं कुठं सोडतो ते बघायला. कंपनी सांगते तसं ते बागेतच सोडत होता. थोडी निराशाच झाली माझी.

दुसरा आकडा मात्र मला टोचायचा. अपघात शून्य, ते एक वेळ पटेल. पण त्याच्याच खाली ‘निअर मिस’ शून्य. निअर मिस म्हणजे होता होता टळलेला अपघात. वीट खांद्याशेजारून गेली, पाय घसरला पण सावरला, हातातला पाना सुटून खाली जाळीत पडला. चारशे माणसं उंचीवर काम करतात आणि वर्षभर कुणाचा साधा पायही घसरत नाही? घरात चार माणसं असली तरी न्हाणीघरात आठवड्याला एक जण घसरतो.

आणि तिसरा आकडा, समाधान, शहाण्णव टक्के. शहाण्णव टक्के समाधान मी लग्नाच्या जेवणावळीतसुद्धा पाहिलेलं नाही.

हे आकडे यायचे ‘सोबती’ हेल्मेटमधून. वर्षभरापूर्वी सगळ्या कामगारांना ही पिवळी हेल्मेटं मिळाली. आतली पट्टी कपाळाला टेकते आणि नाडी, घाम, श्वास मोजते. आपल्या हृदयाचे ठोके घड्याळासारखे सारख्या अंतरानं पडत नसतात. माणूस निवांत असला की दोन ठोक्यांमधलं अंतर कमी-जास्त होत राहतं, ताण आला की ते एकसारखं आणि घाईचं होतं. यंत्र ते ओळखतं आणि समाधानाचा अंक देतं. निअर मिसही तसंच ओळखतं: शरीराला अचानक हिसका आणि त्याच क्षणी हृदयाची उडी. दोन्ही एकदम झालं की नोंद झाली. आम्हा अधिकाऱ्यांची हेल्मेटं पांढरी. ती फक्त मोजायची. पिवळ्यात कानामागं दोन मऊ गाद्या जास्त होत्या. त्या घाम टिपायला आहेत असं आम्हाला सांगितलं होतं.

संशयाला खरी सुरुवात झाली ती मुंग्यांमुळं.

आमच्या साइटवरचे जवळजवळ सगळे कामगार जत-आटपाडीकडच्या एकाच मोठ्या टोळीतले होते. हणमंततात्या त्यांचे मुकादम. त्या टोळीची एक रीत होती. उंचावर कुणाच्या काळजात धस्स झालं, पाय सटकला, काही निसटलं, की तात्या खालून हाळी द्यायचे, “बसा रे!” सगळे हातातलं काम ठेवून बसायचे. ज्याला धस्स झालं त्याला गुळाचा खडा आणि पाणी. तो काय झालं ते सांगायचा, बाकीचे त्याची थट्टा करायचे, मग फळी किंवा दोर नीट करून काम पुढं. त्याला म्हणायचे धस्साचा गूळ. ढेप माझ्या केबिनमध्ये असायची. कंपनीनं छापलेल्या सगळ्या सुरक्षा-नियमांपेक्षा त्या गुळानं जास्त माणसं वाचवली, हे मी साहेबांसमोरही बोलले आहे.

त्या दिवशी मी कपाट उघडलं तर ढेपेला मुंग्या लागलेल्या. नवी कोरी ढेप, कोपराही तुटलेला नाही. मी आणली होती कधी? आठवेना. पूर्वी महिन्याला एक संपायची.

मी तात्यांना गाठलं. “तात्या, गूळ का नाही नेला कुणी?”

“कुणाला धस्सच हुईना बघा, मॅडम,” तात्या हसून म्हणाले. “देवाची किरपा.”

तात्या पूर्वी असे हसत नसत. कपाळावर कायम आठ्या, नजर कायम वर, तोंडात कायम शिव्या. आता ते पायाडाच्या सावलीत बसून निवांत विडा लावत होते आणि वर त्यांचा सख्खा पुतण्या पट्टा न अडकवता तुळईवरून चालत होता.

“तात्या, त्याचा पट्टा!”

त्यांनी वर बघितलं. “आरं व्हय की,” म्हणाले, आणि पुन्हा चुन्याकडे वळले.

आता घरचं सांगते, कारण घरातही हेच चालू होतं आणि तिथं मात्र मी भलताच संशय घेऊन बसले होते.

माझा नवरा संग्राम त्याच साइटवर रिगर. क्रेनच्या आकड्याला माल बांधायचा, वर सोडवून घ्यायचा. सगळ्यात उंचावरचं काम. स्वभावानं चिडका, काळजीखोर. मी पाच मिनिटं उशिरा आले तर फाटकात उभा. इराला, आमच्या मुलीला, साधी शिंक आली तरी डॉक्टर. भांडायला तर कारणच लागायचं नाही. आणि गेले कित्येक महिने हा माणूस गोड वागत होता. भाजीत मीठ नाही, तरी “छान झालीय.” मी माहेरी जाते म्हटलं, “जा की.” घरमालक दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेला, हा हसून “बरं” म्हणाला.

कुठल्या बायकोला संशय येणार नाही? मी त्याचा मोबाईल तपासला, शर्टाचा वास घेतला, कँटीनवालीला आडून आडून विचारलं. काही सापडलं नाही. आणखी राग आला.

मग शाळेची सहल गेली आणि इराची बस ठरल्या वेळी परतलीच नाही. फोन लागेना. सगळ्या आया शाळेच्या फाटकाशी रडकुंडीला आलेल्या. मी संग्रामला घेऊन आले तर हा शेंगदाणे घेऊन कट्ट्यावर बसला. “येईल की,” म्हणाला. “घाटात रेंज नसती.” बस आली, टायर फुटला होता म्हणे. इरा धावत बापाकडे गेली. त्यानं तिला एक शेंगदाणा दिला. पोरीनं माझ्याकडे बघितलं, “पप्पांना मी हरवले होते ते कळलंच नाही का?” असं विचारल्यासारखं. त्या क्षणी मला कळलं, बाई नाही. बाई असती तर माणूस आपल्या पोरीला असा विसरला नसता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी त्याचं पिवळं हेल्मेट मागून घेतलं आणि केबिनचं दार लावून डोक्यावर चढवलं.

आधी काही नाही. मग कानामागं किंचित मुंग्या आल्यासारखं. श्वास आपोआप लांब झाला. खांदे खाली आले. मला वाटलं, किती उगीच धावपळ करते मी. निअर मिस शून्य आहेत, बरंच आहे की. संग्राम गोड वागतो, बायका नवस करतात त्यासाठी. खिडकीतून तात्यांचा पुतण्या तुळईवर दिसत होता, पट्टा लोंबत होता, आणि ते दृश्य मला सुंदर वाटलं.

दारावर कुणीतरी थाप मारली म्हणून मी हेल्मेट काढलं. जरा वेळानं मी खिडकीतून पुतण्याला पट्टा अडकवायला ओरडले. आयुष्यभर जो संशय मला चिकटलेला, तो त्या वस्तूनं पाच मिनिटांत पुसून टाकला होता आणि मला त्याचं काहीही वाटलं नव्हतं.

मी तडक प्रकल्पप्रमुख देवस्थळी साहेबांकडे गेले. माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. कामगारांची मुलं उन्हात खेळतात म्हणून पाळणाघर त्यांनीच भांडून मिळवलेलं. त्यांनी काही लपवलं नाही.

“व्हेगस नावाची नस असते,” ते समजावून सांगू लागले. “मेंदूपासून हृदयापर्यंत, पोटापर्यंत जाते. शरीराचा ब्रेक म्हणा. तिची एक बारीक फांदी कानाच्या कातडीजवळ येते. तिथं अगदी सौम्य वीज दिली की हृदय शांत होतं, भीती ओसरते. फेफऱ्याच्या, नैराश्याच्या पेशंटना वर्षानुवर्षं हे देतात. दिवसभर वापरलं की संध्याकाळीही परिणाम टिकतो. अंक खाली गेला की हेल्मेट स्वतःच डोस देतं. त्याला आम्ही एकच उद्दिष्ट दिलंय, समाधान नव्वदच्या वर ठेव. बाकी ते स्वतः शिकलं.”

“भीती घालवायला कुणी सांगितलं त्याला?”

“कामगारांनीच. सर्वेक्षण केलं होतं आपण. कामावर सर्वांत नकोशी गोष्ट कोणती? चारशे जणांचं एकच उत्तर, भीती. इतका एकमुखी डेटा मी आयुष्यात पाहिला नाही.”

मला हसावं की रडावं कळेना. “साहेब, टोळीला प्रश्न विचारला की मुकादम उत्तर देतो आणि बाकीचे म्हणतात, तात्या म्हणतील तेच लिहा. तुम्ही चारशे माणसांना नाही विचारलं. हणमंततात्यांना चारशे वेळा विचारलंत.”

 ते म्हणाले, “तरीही अपघात शून्य आहेत, मॅडम.”

“अजून. आणि निअर मिस शून्य आहेत ते घसरत नाहीत म्हणून नव्हे. घसरल्यावर कुणाचं काळीज उडत नाही म्हणून. तुमचं यंत्र उडी मोजतं आणि तेच यंत्र उडी मारू देत नाही. घसरल्याची कुणाला जाणीव नाही, म्हणून फळी कुणी दुरुस्त करत नाही. त्या सगळ्या ढिल्या फळ्या वर तशाच साठतायत.”

“हा तुमचा अंदाज झाला. शुक्रवारी सुरक्षेच्या प्रमाणपत्राची समिती येतेय. अंदाजावर मी चारशे हेल्मेटं बंद करू?” आणि मग थोड्या हळू आवाजात, “तुमच्या मिस्टरांना विचारलंत, त्यांना काढून हवंय का?”

विचारलं. संध्याकाळी इरा अभ्यासाला बसली तेव्हा अंगणात विचारलं. संग्राम पायरीवर बसला.

“महादू पडला तवापासनं,” तो म्हणाला, “मी रोज सकाळी वर चढायच्या आधी पाण्याच्या टाकीमागं जाऊन ओकायचो. तुला न्हाई सांगितलं. तू कामच सोडा म्हणाली असतीस.” महादू त्याचा जोडीदार, आधीच्या साइटवर त्याच्या डोळ्यांदेखत गेलेला. “डोळं मिटलं की तो दिसायचा. आता न्हाई दिसत. झोप लागती, ऋतू. मी का काढू?”

 मी याच्या शेजारी झोपत होते आणि सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या मला याचं रोज सकाळचं ओकणं दिसलं नव्हतं.

“तुमचा पट्टा अडकवता का तुम्ही?” एवढंच विचारलं.

“अडकवतो की.”

त्यानं ते ज्या सहजपणे म्हटलं, त्यावरून मी ओळखलं की त्याला आठवत नाही.

गुरुवारी सकाळी मी बाविसाव्या मजल्यावर गेले. फळ्या तपासायच्या, त्यांचे फोटो काढायचे, अंदाज नको ना, पुरावा घ्या. माझा पट्टा दोरीला अडकवलेला, दोनदा ओढून बघितलेला. संग्राम पलीकडच्या कडेला सळयांचा भारा बांधत होता. त्याच्या पट्ट्याचा आकडा मोकळा, कमरेशी डुलत होता. मी “अहो, आकडा!” म्हणून ओरडत त्याच्या दिशेनं निघाले आणि त्याच्याजवळ पोचता पोचता पायाखालची फळी गेली.

खाली जमीन नव्हती. पट्ट्याचा हिसका बसला, बरगड्यांत कळ आली आणि मी स्लॅबच्या कडेला लोंबकळत राहिले. एक हात सळईवर, बाकी सगळी हवेत. त्याच क्षणी साइटचा भोंगा वाजला. माझ्या पांढऱ्या हेल्मेटनं हिसका आणि उडी, दोन्ही एकदम मोजलं होतं. वर्षभरात पहिल्यांदा तो भोंगा वाजत होता. खाली माणसांनी माना वर केल्या, बघितलं आणि पुन्हा आपापल्या कामाला लागले. घमेली चालू राहिली. कुणी ओरडलंसुद्धा नाही.

संग्राम माझ्यापासून चार हातांवर होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. ओळखीचं, मायेचं हसला.

“पट्टा हाय की तुला,” म्हणाला. “एवढी गाठ मारतो, आलोच.”

आणि त्यानं गाठ मारली. नीट, दोन वेढे देऊन, शेवट आत खोचून. मग सावकाश चालत आला, आकडा तसाच मोकळा, आणि मला वर ओढलं. “लागलं का गं?” असंही विचारलं. मला पडण्याचं भय राहिलंच नव्हतं. मला त्याचं भय वाटत होतं.

खाली देवस्थळी साहेब पांढरेफटक पडले होते, कारण त्यांचंही हेल्मेट पांढरंच. पण संगणकानं माझी नोंद ‘संशयास्पद’ म्हणून बाजूला टाकलेली. दुसरा माणूस चार हातांवर असताना त्याच्या अंकात काडीचाही फरक नाही, म्हणजे माझ्या हेल्मेटात बिघाड. नियमाप्रमाणे साक्षीदारानं तोंडी जबाब दिला तरच नोंद ग्राह्य, आणि ग्राह्य झाली की सरकारी निरीक्षकानं चौकशी करेपर्यंत सगळं काम बंद, सगळी हेल्मेटं जप्त.

साहेबांनी संग्रामला विचारलं, “काय झालं वर?”

“काय विशेष न्हाई, साहेब. मॅडम जरा घसरल्या.”

साहेब माझ्याकडे बघत राहिले. “मला तुमचं पटतंय,” ते म्हणाले, “पण हा जबाब घेऊन मी काय करू?”

मी संग्रामच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं, माझ्या पिशवीत टाकलं आणि त्याला घरी घेऊन आले. साहेबांनी अडवलं नाही.

दुपारभर काही नाही. तो जेवला, इराची वेणी घातली, टीव्ही बघितला. मी समोर बसून राहिले, ताप उतरायची वाट बघत बसावं तशी. फरक इतकाच की मी चढायची वाट बघत होते. आपल्या माणसाला भीती वाटावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते, याची मला लाज वाटली, पण उठले नाही.

दिवेलागणीला इरा शेजारी खेळायला गेली. संग्रामनं हातातला पेला न पिताच खाली ठेवला. त्यानं हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे.

“मी गाठ मारत हुतो,” तो म्हणाला.

मी टीव्ही बंद केला.

“तू लोंबत हुतीस आणि मी गाठ मारत हुतो.” त्याचा श्वास तुटायला लागला. “ऋतू, पट्टा तुटला असता तर? मी दोन येढं दिलं गं. दोन येढं.” तो उठला, भिंतीला टेकला, पुन्हा बसला. “त्या दिवशी इरा... बस आली न्हवती तवा मी शेंगा खात बसलो हुतो का?”

“हो.”

तो मोरीकडे धावला. परत आला तेव्हा चेहरा भिजलेला, दात वाजत होते. महादू परत आला होता, माझं लोंबकळणं आलं होतं, वर्षभराचं सगळं एकदम. मला त्याला जवळ घ्यायचं होतं. त्याआधी मी सरकारी निरीक्षकांना लावलेला मोबाईल पुढं केला.

“निरीक्षक बाई लाइनवर आहेत. आज काय झालं ते सांगा.”

त्यानं मोबाईलकडे बघितलंच नाही. त्याची नजर पिशवीवर होती. “हेल्मेट दे. फकस्त आजची रात. मला न्हाई सोसत.”

“आधी सांगा. मग देते.”

“शपथ?”

“शपथ,” मी म्हणाले.

त्यानं सांगितलं. रडत, अडखळत, पण सगळं सांगितलं: फळी, भोंगा, गाठ, मोकळा आकडा, आणि पुतण्याचा पट्टा, तात्यांचा विडा, वर्षभरात स्वतः कितीदा घसरला आणि विसरला तेही. पलीकडून बाई म्हणाल्या, उद्या सकाळी आम्ही येतो, तोवर कुणाला वर चढू देऊ नका. मी मोबाईल बंद केला.

संग्रामनं हात पुढं केला. “दे आता.”

मी पिशवी उचलून कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं.

“शपथ घेतलीस तू,” तो म्हणाला.

“घेतली.”

“फसवलंस मला.”

“हो.”

तो माझ्यावर इतका संतापलेला मी लग्नानंतर कधी पाहिला नव्हता. आणि इतका घाबरलेलाही. त्यानं माझं मनगट धरलं, ढकलायला की धरून राहायला ते त्यालाही कळत नसावं, आणि धरूनच राहिला. हात दुखायला लागला होता. मी सोडा म्हटलं नाही.